जीएम फळं: अमेरिकेत नव्यानं आलेल्यांनी दुकानात काय बघावं

अमेरिकेत आल्यावर घर, बँक, फोन ही कामं एकदाची मार्गी लागली की लक्ष जातं फळांकडे. एका घासात न मावणारी स्ट्रॉबेरी, बिया नसलेलं कलिंगड, दोन-दोन आठवडे टोपलीत पडून राहिलं तरी सुरकुती न पडणारं सफरचंद. मग कुणीतरी सांगतं, "इथलं सगळं जीएम असतं गं," म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं. भारतातून आई-बाबा राहायला आले की हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्यावर रोज एक तरी फॉरवर्ड येऊन पडलेला असतो.

मी न्यू जर्सीत राहते. नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांना इथल्या किराणा-भाजीच्या दुकानांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आपसूक आलंय, आणि दर वेळी हाच प्रश्न निघतो. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

उत्तर आधीच सांगते. फळांच्या विभागात जीएम असू शकतील अशी फळं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती नावानिशी माहीत झाली की उरलेल्या ढिगाची काळजी करायचं कारण नाही, आणि 'नॉन-जीएमओ' अशी चिठ्ठी लावलेल्या संत्र्यांना जास्त पैसे मोजायचंही कारण नाही.

१. निघण्यापूर्वी

सोबत फार काही लागत नाही:

- क्यूआर कोड वाचणारा फोन (काही पाकिटांवर माहिती त्यामागेच दडवलेली असते)
- आई-बाबांना नेत असाल तर त्यांचा वाचायचा चष्मा. अक्षर बारीक असतं
- पुढच्या टप्प्यातली चार नावं, फोनमध्ये टिपून
- आणि एक शब्द: 'बायोइंजिनिअर्ड'. इथल्या कायद्यानं 'जीएम' किंवा 'जीएमओ'ऐवजी हाच शब्द घेतलाय. लेबलवर 'जीएम' शोधत बसलात तर बहुधा सापडणार नाही.

२. चार नावं लक्षात ठेवा

पपई. यातली सगळ्यात जुनी, आणि आपल्या घरात येण्याची शक्यताही हिचीच जास्त. हवाईतली बहुतेक पपई बिग आयलंडवरच्या पुना भागात पिकायची. १९९२ मध्ये तिथं रिंगस्पॉट नावाचा विषाणू शिरला. मावा कीड तो झाडावरून झाडावर नेते आणि रोग एकदा लागला की फवारणीनं हटत नाही. काही वर्षांतच बागाच्या बागा तोडाव्या लागल्या. डेनिस गोन्साल्विस हे मूळचे त्याच बेटावरचे. कॉर्नेल विद्यापीठात ते वनस्पतींच्या रोगांवर काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या आवरणाचं जनुक पपईत घातलं. त्यामुळे झाड विषाणूला ओळखतं आणि त्याला वाढूच देत नाही. १९९८ मध्ये हे बी शेतकऱ्यांना वाटलं गेलं. त्यातून लाल गराची 'सनअप' आली, आणि सनअपचा जुन्या 'कापोहो' वाणाशी संकर करून पिवळ्या गराची 'रेनबो'. आज हवाईतली बहुतांश पपई जीएम आहे.

दुकानात ती ओळखायची कशी? आधी देश बघा. लांबोळकी, दोन किलोच्या पुढे जाणारी 'माराडोल' किंवा तिच्यासारखी पपई मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून येते. ती जीएम नाही. हवाईची पपई छोटी, नासपतीच्या आकाराची, एकट्या माणसाला एका बैठकीत संपणारी. पण छोटी दिसली म्हणून लगेच 'जीएम' म्हणू नका. पूर्व किनाऱ्यावर ब्राझीलची छोटी पपईही येते, आणि ती जीएम नसते. हवाईतलीसुद्धा लाल गराची 'सनराइज', जी कधी कधी 'स्ट्रॉबेरी पपई' म्हणून विकतात, साध्या निवडीतून आलेली आहे. म्हणजे स्टिकरवर हवाई आणि रेनबो किंवा सनअप असं दोन्ही दिसलं तर पक्कं. नुसतं हवाई दिसलं तर जीएम असण्याची शक्यता जास्त धरा आणि दुकानदाराला वाण विचारा. कोशिंबिरीसाठी कच्ची पपई घेतानाही हाच नियम.

सफरचंद. फक्त 'आर्क्टिक' या नावाचं. कापलेलं सफरचंद लाल-तपकिरी पडतं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे). कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या ओकानागन स्पेशालिटी फ्रूट्स या कंपनीनं ते विकर बनणं जवळजवळ बंद केलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१५ मध्ये त्याला मोकळीक दिली. ही सफरचंदं मुख्यतः कापलेल्या फोडींच्या पाकिटात मिळतात आणि पाकिटावर नाव ठळक असतं, कारण न काळवंडणं हीच त्यांची जाहिरात आहे.

इथं एक गल्लत नेहमी होते. मुलांच्या डब्यासाठी मिळणाऱ्या फोडींच्या साध्या पाकिटातली सफरचंदंही काळी पडत नाहीत. पाकीट उलटं करून घटक वाचा: 'कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट' दिसेल. ते क जीवनसत्त्वाचंच एक रूप. फोडी त्यात बुडवून काढतात. सफरचंद साधंच असतं. 'ओपल' नावाचं पिवळं सफरचंदही काळं पडायला वेळ घेतं. तेही नेहमीच्या संकरातून आलेलं.

अननस. गुलाबी गराचा, डेल माँटेचा 'पिंकग्लो'. तो कोस्टारिकात पिकतो आणि २०२० पासून विकायला आला. टोमॅटो आणि कलिंगडाला लाल रंग देणारं लायकोपीन साध्या अननसात पुढं पिवळ्या रंगद्रव्यात बदलतं. इथं तो बदल रोखलाय, आणि मँडरिन संत्र्याच्या जातीतलं एक जनुकही घातलंय. सुरुवातीला ऑनलाइन एका फळाला ४९ डॉलर पडत होते; आता दुकानांत पुष्कळ स्वस्त झालाय. याला शेंडा नसतो. शेंडे पुन्हा लागवडीला वापरतो, असं कंपनी सांगते. शेंडा कुंडीत लावून घरीच गुलाबी अननस पिकवायचा बेत त्यामुळे आपोआप बारगळतो. चवीला आंबटपणा कमी. माझं मत विचाराल तर पाहुण्यांपुढे एकदा मांडायला झकास, एरवी पिवळाच बरा. पिवळा अननस कुठल्याही देशाचा, कुठल्याही ब्रँडचा असो, जीएम नाही.

टोमॅटो. वनस्पतिशास्त्रानं फळच, म्हणून यादीत घेतला. इंग्लंडमधल्या नॉरिच इथल्या जॉन इनिस सेंटरच्या कॅथी मार्टिन यांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुकं घालून जांभळा टोमॅटो तयार केला. २०२२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याची मंजुरी मिळाली आणि २०२४ पासून घरच्या बागेसाठी त्याचं बी विकलं जाऊ लागलं, तेव्हा १० बियांचं पाकीट २० डॉलरला. ओळख सोपी आहे: कापा. आतला गरसुद्धा गर्द जांभळा निघाला तर हाच. 'इंडिगो रोज'सारख्या साध्या वाणांत जांभळा रंग सालीपुरता असतो, आणि 'चेरोकी पर्पल' हा तर जुना पारंपरिक वाण आहे.

प्लम पॉक्स या विषाणूला दाद न देणारं 'हनीस्वीट' नावाचं आलुबुखार मंजूर झालंय, पण बाजारात आलेलं नाही. आणि 'फ्लेव्हर सेव्हर' हा १९९४ मध्ये आलेला पहिला जीएम टोमॅटो काही वर्षांतच बंद पडला. अजूनही कुणी त्याच्या नावानं घाबरवत असेल तर हे सांगा.

३. लेबल कुठं शोधायचं

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत हे लेबल सक्तीचं आहे. २०१८च्या नियमांनी कंपनीला चार पर्याय दिले: सरळ शब्दांत लिहिणं, हिरवं गोल चिन्ह (आत शेत आणि सूर्य, कडेनं 'बायोइंजिनिअर्ड' हा शब्द), क्यूआर कोड, किंवा मेसेज पाठवायचा नंबर.

सुटी फळं असतील तर जबाबदारी दुकानाची: पाटी ढिगाजवळ हवी. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आमच्या जवळच्या एका देशी दुकानात हवाईच्या पपया खोक्यातूनच विकायला ठेवतात. बायोइंजिनिअर्ड असं छापलेलं असतं, पण खोक्याच्या त्या बाजूला जी भिंतीकडे केलेली असते. दर्शनी बाजूला हातानं लिहिलेला भाव. तेव्हा खोकं जरा फिरवून बघायला लाजू नका. कुणी ओरडत नाही.

लेबल नसलं तरी चालतं अशा काही जागा कायद्यातच आहेत. हॉटेलात, कॅन्टीनमध्ये, सॅलड बारवर ही सक्ती नाही. तिथल्या फळांच्या वाटीवर काही लिहिलेलं नसेल. अगदी छोट्या उत्पादकांनाही सूट आहे. आणि नकळत झालेली ५ टक्क्यांपर्यंतची सरमिसळ सांगावी लागत नाही.

४. स्टिकरवरच्या आकड्याची अफवा

'आठनं सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे जीएम' हा फॉरवर्ड तुम्हाला आलाच असेल, नसेल तर येईल. केळ्यावर ४०११ असतो, सेंद्रिय केळ्यावर ९४०११. नऊचं खरं आहे: पुढं नऊ म्हणजे सेंद्रिय. आठ हा आकडा जीएमसाठी राखून ठेवला होता खरा, पण दुकानांत तो कधी वापरलाच गेला नाही आणि २०१५ मध्ये तो राखून ठेवणंही सोडून दिलं. मुळात हे आकडे गल्ल्यावर भाव लावायच्या सोयीसाठी आहेत आणि तेही ऐच्छिक. आठ दिसला नाही म्हणून फळ जीएम नाही, असा अर्थ निघत नाही.

खात्रीच हवी असेल तर 'यूएसडीए ऑरगॅनिक' बघा. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांत जीएम बी वापरायला मनाई आहे. फुलपाखराचं 'नॉन-जीएमओ प्रोजेक्ट' हे चिन्ह खाजगी संस्थेचं आहे. ते रेनबो नसलेल्या पपईवर असेल तर उपयोगाचं. ज्याचं जीएम रूप बाजारातच नाही अशा फळावर असेल तर नुसती शोभा.

५. जी जीएम नाहीत, पण वाटतात

या टप्प्यावर सर्वात जास्त वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

बिनबियांचं कलिंगड: गुणसूत्रांचे चार संच असलेल्या झाडाचा दोन संचांच्या झाडाशी संकर केला की तीन संचांचं बी मिळतं. त्या रोपाला फळ धरतं, पण बी पक्व होत नाही; पांढरी, मऊ टरफलं तेवढी राहतात. हे तंत्र जपानी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात बसवलं. बाहेरचं जनुक कुठं घालावं लागत नाही.

बिनबियांची द्राक्षं: नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. थॉमसन सीडलेस कलमानं वाढतं, आणि मणी फुगवायला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) देतात ते वनस्पतींचं संप्रेरक. त्याचा जनुकबदलाशी संबंध नाही. इथं 'कॉटन कँडी' नावाची द्राक्षं मिळतात, चव खरोखर बुढ्ढी के बालची. तीसुद्धा कॅलिफोर्नियात हातानं परागीकरण करून केलेल्या संकरातली.

स्ट्रॉबेरी: मोठी म्हणून जीएम नव्हे. आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळातच अमेरिका खंडातल्या दोन जातींचा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झालेला संकर आहे.

लाल ग्रेपफ्रूट: हा मजेशीर आहे. टेक्सासचा 'रिओ रेड' वाण किरणोत्सार देऊन घडवलेल्या उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकांतल्या बदलातून आला, १९८४ मध्ये. कायद्याच्या भाषेत तो जीएम नाही आणि त्यावर लेबलही लागत नाही. कुठल्या बदलाला घाबरायचं नि कुठल्या नाही, हे ठरवताना हे उदाहरण मला नेहमी आठवतं.

आता घरातला खरा गोंधळ. 'हायब्रीड', 'कार्बाइड', 'मेण' आणि 'जीएम' हे चार शब्द आपल्याकडे एकाच दमात बोलले जातात. सफरचंदावरचं मेण हे तोडणीनंतरचं लेपन. कार्बाइड हा फळ पिकवण्याचा घातक प्रकार, भारतात त्यावर बंदी आहे. हायब्रीड म्हणजे संकर. या तिन्हींतलं काहीही फळाच्या जनुकांत प्रयोगशाळेत केलेला बदल नव्हे. फवारणीच्या अंशांची भीती असेल तर फळ नीट धुवा. जीएम नसलेल्या फळालाही ते लागू आहे.

६. शाकाहारी आणि उपवासवाल्यांसाठी

"टोमॅटोत माशाचं जनुक असतं म्हणे" हा प्रश्न सासूबाईंकडून हमखास येतो. १९९०च्या सुमाराला थंडीत तगणाऱ्या माशाचं जनुक टोमॅटोत घालून पाहण्याचा प्रयोग झाला होता. तो टोमॅटो कधीही विकायला आला नाही. वर दिलेल्या चार फळांत कुठल्याही प्राण्याचं जनुक नाही. पपईत विषाणूचं, अननसात मँडरिनचं, टोमॅटोत फुलझाडाचं; सफरचंदात सफरचंदाचीच जनुकं गप्प केलेली. पपई आणि सफरचंदात प्रयोगशाळेत रोप ओळखण्यासाठी वापरलेलं जिवाणूतलं एक खूण-जनुकही असतं. हे चालतं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं; चतुर्थीला पपई खायची की नाही हे तुमच्या घरची रीत ठरवेल, जनुक नव्हे.

७. खायचं की नाही

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून मोठा अहवाल दिला. बाजारात असलेल्या जीएम पिकांपासून केलेलं अन्न साध्या अन्नापेक्षा आरोग्याला जास्त धोकादायक असल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. पपईबाबत तर एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे: रोगट साध्या पपईत त्या विषाणूचं आवरण-प्रथिन जीएम पपईपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि रेनबो येण्याआधी लोक ती वर्षानुवर्षं खात होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अन्न व औषध प्रशासनाशी सल्लामसलत करणं कंपन्यांना कायद्यानं सक्तीचं नाही, जरी त्या ती करतात. आणि चाचण्यांची माहिती कंपन्यांचीच असते. कुणाला हे खटकत असेल तर ते वेडगळपणाचं नाही. मी स्वतः रेनबो पपई घेते, चव आवडते म्हणून. माझी शेजारीण घेत नाही. आमचं भांडण झालेलं नाही.

८. जॅमची बाटली उलटी करा

फळांच्या ढिगापुढे पंधरा मिनिटं घालवून मग लोक जॅम, फ्रूट योगर्ट आणि सरबत न बघता गाडीत टाकतात. अमेरिकेतला ९० टक्क्यांहून जास्त मका, सोयाबीन आणि शुगरबीट जीएम आहे. स्ट्रॉबेरी जॅममधली स्ट्रॉबेरी साधीच, पण त्यातलं कॉर्न सिरप किंवा बीटाची साखर बहुधा जीएम पिकाची. २०१८च्या नियमांनी अशा शुद्ध केलेल्या साखरेला, तेलाला लेबलमधून सूट दिली, कारण त्यात जनुकाचा अंश सापडत नाही. जीएम टाळायचंच असेल तर घटकांत 'केन शुगर' शोधा किंवा सेंद्रिय जॅम घ्या. फळांपेक्षा इथं जास्त फरक पडतो.

९. भारतातून आणताना, भारतात नेताना

इकडे येताना सामानात आंबे, चिकू, सीताफळ आणू नका. ताज्या फळांना बहुतेक वेळा मनाई आहे आणि न सांगता आणली तर दंड होतो. हवाईला फिरायला गेलात तर तिथून साधी पपई बॅगेत टाकून मुख्य भूमीवर आणता येत नाही. प्रक्रिया केलेली, शिक्का मारलेली पेटी विमानतळावर मिळते, ती घ्या.

सर्वात महत्त्वाचं बियांबद्दल. "गावाकडे लावून बघू" म्हणून रेनबोच्या बिया किंवा जांभळ्या टोमॅटोचं पाकीट बॅगेत घालू नका. भारतात जीएम बी आणायला १९८९च्या नियमांखाली जीईएसी या केंद्रीय समितीची परवानगी लागते, शिवाय कुठल्याही बियाण्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र. हौस म्हणून नेलेली पुडी कायद्यात बसत नाही.

भारतात बाजारात जीएम फळ मिळतं का, असं घरचे विचारतात. जीएम पिकांपैकी लागवड होते ती फक्त बीटी कापसाची. जालन्याच्या महिकोचं बीटी वांगं फेब्रुवारी २०१० पासून स्थगित आहे. जीएम फळाला लागवडीची परवानगी नाही. १ मार्च २०२१ पासून सफरचंद, पपई, अननस, आलुबुखार, टोमॅटो यांच्यासह २४ पिकांचा आयात माल जीएम नसल्याचं प्रमाणपत्र घेऊनच यावा लागतो. पुण्याच्या मंडईतलं वॉशिंग्टन सफरचंद त्या कागदासह आलेलं असायला हवं. आणि नंदुरबारकडून येणारी लाल गराची 'रेड लेडी' पपई तैवानचा संकरित वाण आहे, जीएम नव्हे. तिच्या बिया लावल्या तर झाडं एकसारखी येत नाहीत, ते संकरित असल्यामुळे.

१०. अमेरिकेबाहेर असाल तर

कॅनडात जीएम लेबल सक्तीचं नाही, त्यामुळे टोरांटोच्या वाचकांना वरची चार नावं आणि सेंद्रिय चिन्ह एवढ्यावरच भागवावं लागेल. युरोपात ०.९ टक्क्यांच्या वर असलं की लेबल लागतं, आणि तिथल्या दुकानांत ताजी जीएम फळं मिळतच नाहीत. जपाननं रेनबोला २०११ मध्ये मंजुरी दिली, पण तिच्यावर तसं लिहिण्याची अट घालून. तिथं स्टिकर मुकाट्यानं वाचला की काम झालं.